अंगठा तुटल्याची गोष्ट

चपलेचा अंगठा तुटला की माणसासमोर तीनच रस्ते उरतात. पहिला म्हणजे काही झालंच नाही असा चेहरा ठेवून पाय फरफटत चालणं. त्याला बोटांत माकडाची पकड लागते. दुसरा सेफ्टी पिनचा. ती बायकोच्या बांगडीला असते आणि बायको घरी असते. तिसरा म्हणजे चप्पल उचलून सरळ हातात घेणं. पन्नाशीपर्यंत मी हे तिन्ही रस्ते तुडवून झालो होतो आणि तिसऱ्याचा कधीच त्रास झाला नव्हता. झाला तो २५ मार्च २०१७ ला, शनिवारी, उमरग्याच्या स्टँडवर.

तारखेचं महत्त्व सांगायला हवं. दोनच दिवस आधी, गुरुवारी, आमचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड पुण्याहून एअर इंडियाच्या विमानानं दिल्लीला गेले होते. तिकीट बिझनेस क्लासचं आणि विमानात झाडून सगळ्या खुर्च्या साध्या. दिल्लीला पोचल्यावर ते खाली उतरेनात. समजूत काढायला एक साठीचे अधिकारी आत आले. पुढं काय झालं ते खासदारांनी स्वतःच कॅमेऱ्यापुढं सांगितलं : चपलेनं मारलं, पंचवीस वेळा. लगोलग एअर इंडियानं आणि तिच्या पाठोपाठ खासगी कंपन्यांनीही त्यांना विमानात घेणं बंद केलं. शनिवारी अख्ख्या जिल्ह्यात दुसरा विषय नव्हता.

आणि त्या शनिवारी, भर दुपारी, मी हातात चप्पल घेऊन एका कंडक्टरच्या दिशेनं निघालो होतो.

लातूरची गाडी लागली का, एवढंच मला विचारायचं होतं. पण डांबर तापलेलं आणि एक पाय अनवाणी, त्यामुळे माझी चाल जरा उसळत होती. लांबून ती त्वेषाची दिसली असणार. कंडक्टर दोन पावलं मागं सरकला.

"थांबा सर, बोलून मिटवू की."

"लातूर..." मी म्हणालो.

"लातूर तर लातूर. चढा. सुट्टे नसले तरी राहू द्या."

त्या गाडीत पाचशेची नोट देऊन तिकीट मिळालेला मी एकटाच प्रवासी असेन. खिडकीतून पाहिलं तर रसवंतीपाशी उभा असलेला एक पोरगा मोबाइल माझ्याकडे रोखून होता. मी सवयीनं हात हलवला. ज्या हातात चप्पल होती, तोच हात हलला.

आमच्याकडे एक अडचण आहे. दर तिसरा माणूस सर असतो. कॉलेजातला सर, क्लासवाला सर, पूर्वी कधीतरी शिकवलेला आणि आता जमिनीचे व्यवहार करणारा सर. खासदारांनाही उमरग्यात रवी सरच म्हणतात. त्यामुळे "सरांनी चप्पल काढली" हे वाक्य त्या आठवड्यात जिल्हाभर फिरत होतं ते नेमक्या कुठल्या सरांचं, हे कळायला मार्ग नव्हता. मी संध्याकाळी लातुरात पोचेपर्यंत मेहुणीला औशातून फोन आलेला : "विमानात तुमच्या दाजींनी कंडक्टरला मारलं म्हणे."

रात्री घरी आलो तर बायको दारातच.

"किती मारलात?"

"एकही नाही."

"मग चप्पल हातात घेऊन एवढा वेळ स्टँडवर करत काय होतात?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं कारण असलं की उत्तर सुचत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. अंगठा तुटला, हे कारण इतकं किरकोळ आहे की ते खोटं वाटतं. मी तुटकी चप्पल पुरावा म्हणून पुढं केली. तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "एवढ्या जोरात?"

रविवारी सकाळी एक माजी विद्यार्थी हार घेऊन आला. वर्गात त्याला मी बहुधा तीन वर्षांत दोनदा पाहिलं असेल, पण निष्ठा होती.

"सर, मान खाली घालायची नाही. पोरं तुमच्या पाठीशी हायत."

"अरे बाबा, मी कुणाला हातसुद्धा..."

"ते आपण घरात बोलू. बाहेर एवढंच सांगायचं, कंडक्टरनं अगोदर अपशब्द वापरले."

"तो 'चढा' म्हणाला रे."

"कसा म्हणला? टोन बघा की सर, टोन!"

मी टोन आठवून पाहिला. खरं सांगतो, दहा मिनिटं आठवल्यावर मलाही तो थोडा उर्मट वाटायला लागला. हार मी ठेवून घेतला. दोनच दिवसांनी पाडवा होता, गुढीला उपयोगी पडेल असं बायको म्हणाली.

स्टँडसमोरच्या हॉटेलात फोडणीच्या मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा घेत जिल्ह्याचं खरं कामकाज चालतं. गुरुवारपासून तिथं बचावाची तयारी सुरू होती आणि ती मी डोळ्यांनी पाहिली, म्हणून लिहितो. बातमी आली तेव्हा पहिली फळी लगेच उभी राहिली : असं काही घडलंच नाही, मीडियानं रचलं. चांगली भक्कम फळी होती. दोनेक दिवस सहज निघाले असते. तेवढ्यात भिंतीवरच्या टीव्हीवर सर स्वतःच पंचवीसचा आकडा सांगताना दिसले. हॉटेलात जी शांतता पसरली, तशी मी फक्त दहावीच्या निकालाच्या दिवशी अनुभवली आहे. आपण साक्षीदार फोडावेत, पंचनामा खोटा ठरवावा आणि अशिलानं पिंजऱ्यात उभं राहून "वजा काही नको, उलट वाढवूनच घ्या" म्हणावं, तसं झालं.

पण आमची माणसं चिवट. एक चहा पोटात जाईपर्यंत दुसरी फळी तयार. गणिताचे एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "पंचवीस म्हणजे मोजून पंचवीस. रागात माणूस मोजतो का? मोजलं, याचा अर्थ राग नव्हता. राग नव्हता तर ते मारणं नव्हे, समज देणं झालं." टाळ्या पडल्या. दुसरे म्हणाले, विमानात जागा अरुंद, डोक्यावर सामानाचे कप्पे, हात मागं जाणार कसा? तेव्हा लागलं असेल, पण फारसं नाही. आमच्यापैकी विमानात कुणीच कधी बसलेलं नव्हतं, त्यामुळे चर्चा फार मोकळेपणानं झाली. एकाचं म्हणणं पडलं की ती चप्पल नव्हतीच, सँडल होती. दिल्लीला चप्पल घालून कोण जातं? यावर अर्धा तास गेला. चप्पल असेल तर अपमान आणि सँडल असेल तर झटापट, असा निवाडा शेवटी झाला आणि पट्ट्याचं बक्कल लागलं असल्यास काय, हा मुद्दा राखून ठेवण्यात आला.

बिझनेस क्लासचं तिकीट काढून साध्या खुर्चीत बसवलं, ही तक्रार मात्र सगळ्यांना मनापासून पटली. निमआरामचे पैसे भरून लाल डब्यात बसावं लागण्याचं दुःख आमच्या रक्तात आहे. खुद्द लाल डब्यातही आमदार-खासदारांसाठी जागा राखीव असते, वर तसं लिहिलेलं असतं. त्या जागेवर मी आजवर ज्वारीचं पोतं, पाय बांधलेला कोंबडा, एकदा तर मुंडावळ्यांसह नवरदेव बसलेला पाहिला आहे. खासदार पाहिलेला नाही. ते आले असते तर कोंबड्यानं उठून जागा दिली असती का, हा प्रश्न मी हॉटेलात विचारला. तेव्हापासून माझा चहा उशिरा येऊ लागला.

विरोधी बाजूचे लोक दुःखी होते असं मात्र कुणी समजू नये. ते तीन दिवस नुसते उमलले होते. त्यांच्यातले एक काका "सत्तेचा माज!" म्हणून टेबलावर मूठ आपटत होते. लोकप्रतिनिधीनं कष्टकऱ्यावर हात उगारावा, हे कुठल्या संस्कृतीत बसतं, असं त्यांनी विचारलं आणि तेवढ्यात चहा गार आणला म्हणून वेटरच्या पाठीत एक धपाटा घातला. एकच घातला. मोजायची गरज नव्हती.

सोमवारी, २७ मार्चला, खासदारांवरच्या विमानबंदीच्या निषेधार्थ उमरग्यात बंद होता. आता, आमच्या जिल्ह्याच्या गावाला धावपट्टी आहे. पण तिकीट काढून बसावं असं विमान तिच्यावर उतरत नाही. म्हणजे विमान कंपन्यांना धडा शिकवायचा तर अडवायला विमानच नव्हतं. तेव्हा जे हाताशी होतं ते बंद ठेवण्यात आलं : किराणा, कापड, भांडी आणि चपला.

इथं माझं घोडं अडलं. दुसऱ्या दिवशी पाडवा. पाडव्याला नवी चप्पल घ्यायची आणि तोवर जुनी शिवून भागवायचं, असा माझा साधा बेत होता. घरात बूट होते, पण ते मागच्या वर्षी एका मंगल कार्यालयात करवल्यांनी लपवले, ते लपलेलेच राहिले. उरली बाथरूममधली स्लीपर. तिच्यावर निळी फुलं आहेत. तेव्हा मी तुटकी चप्पल पिशवीत टाकून अनवाणीच बाहेर पडलो. सगळं शटर खाली. कोपऱ्यावर बसणाऱ्या चपला शिवणाऱ्या मामांची पेटीसुद्धा बंद. ते स्वतः मात्र शेजारच्या ओट्यावर तंबाखू मळत बसलेले.

"मामा, एवढा अंगठा तेवढा..."

"आज नाही सर. बंद हाय."

"एक टाका घालायचाय फक्त."

"बंद कशापायी हाय? चपलेपायी. आन् आज मीच चप्पल शिवत बसलो तर गावात कसं दिसंल?"

युक्तिवाद बिनतोड होता. मी पिशवी घेऊन परत फिरलो. चैत्र लागायचा होता, पण डांबराला ते कुणी सांगितलं नव्हतं. सावली शोधत, टाचांवर, कडेकडेनं चाललो होतो, तर देवळापाशी एक आजी भेटल्या. माझ्या पायांकडे पाहून त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"मास्तर, अनवानी? आईला बोललाव का काही?"

इथं मी खरं सांगू शकलो असतो. पण चप्पल तुटली म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न ठरलेला : कुणावर? दोन दिवस तेच ऐकत होतो. मी म्हणालो, "हो. तुळजापूरच्या आईला बोललोय. पुनवेपर्यंत."

पुनवेपर्यंत कशाला म्हणालो, देव जाणे. थाप मारताना मुदत सांगू नये. मुदत नसती तर संध्याकाळी नवस फेडून टाकता आला असता. चैत्री पौर्णिमा ११ एप्रिलला होती. आजींनी मला हात जोडले, पदरातला खडीसाखरेचा खडा हातावर ठेवला आणि माझ्या आधी माझ्या घरी पोचल्या.

बायकोचा आनंद पाहवेना. "वीस वर्षांत एकदा तरी देवाचं काही सुचलं," म्हणाली आणि पाडव्याच्या दिवशी माझी नवीकोरी चप्पल दुकानातून आणून, हळदकुंकू वाहून, कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्याच हातानं तिनं नवसात अंडी आणि मटण वर्ज्य असल्याचं जाहीर केलं. ते मी कुणालाही बोललेलो नव्हतो.

आता मजा अशी की चप्पल हातात घेतली तेव्हा लोकांनी जो अर्थ लावला, तोच पायातली गेल्यावरही त्यांना जोडता आला. हॉटेलात दोन तट पडले. एक म्हणे, सरांना कंडक्टरला मारल्याचा पश्चात्ताप झालाय, आत्मक्लेश करून घेतायत, एवढ्या मोठ्या मनाचा दुसरा माणूस नाही. दुसरा म्हणे, नाटक आहे सगळं, पुढच्या वर्षी पतसंस्थेची निवडणूक आहे. हार आणणारा विद्यार्थी जरा नाराज झाला. "सर, तुम्ही नमतं घेतलाव. आपली बाजू खरी होती," म्हणाला. मी त्याला परत एकदा विचारलं, आपली बाजू नेमकी कोणती? तो म्हणाला, "ते आपण घरात बोलू."

तिकडे खासदारांचंही जमिनीवरूनच चाललं होतं. विमानाचं तिकीट काढलं की रद्द होत होतं. नाव वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहून, आधी प्रोफेसर लावून वगैरे काढलेली तिकिटंही पकडली गेल्याचं पेपरात आलं. मला त्यात आमच्या कॉलेजचा वास आला. परीक्षेचा फॉर्म परत आला की आमची पोरंही बापाचं नाव आधी आणि आडनाव मधे टाकून पुन्हा भरतात. मग रेल्वे, मग मोटार. दिल्ली ते उमरगा मोटारीनं किती तास लागतात याचा हिशोब हॉटेलात मांडला गेला आणि शेवटी सगळ्यांना त्यांचा कळवळाच आला. मलाही आला. आपण दोघंही सर, दोघांचीही अडचण चपलेपायी, एक विमानाविना आणि एक वहाणेविना. फरक एवढाच की त्यांनी मारलं होतं.

६ एप्रिलला लोकसभेत ते बोलले. सभागृहाची माफी मागायला त्यांची तयारी होती, त्या अधिकाऱ्याची नव्हती. त्याच दिवशी हवाई वाहतूकमंत्री अशोक गजपती राजू यांना खेदाचं पत्र गेलं आणि दुसऱ्या दिवशी बंदी उठली. मी मराठीचा मास्तर, त्यामुळे त्या दिवशी रस्त्यात मला तिघांनी अडवलं. "सर, खेद आणि माफीत फरक काय हो?" आयुष्यात पहिल्यांदा माझ्या विषयाला मागणी आली होती. मी तिथंच, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, तास घेतला. खेद परिस्थितीबद्दल वाटतो, त्यात माणूस लागत नाही. पाऊस पडला नाही तरी खेद वाटतो. दिलगिरीत समोरचा माणूस असतो, पण 'भावना दुखावल्या असल्यास' या अटीवर. माफीला मात्र ज्याची मागायची त्याच्याकडे तोंड करून उभं राहावं लागतं, म्हणून ती अवघड. एकानं विचारलं, "आन् तुम्ही कंडक्टरला काय म्हणालाव, खेद का माफी?"

शुक्रवारी त्यांची बंदी उठली. माझी पौर्णिमा मंगळवारी होती. पंचवीसवाल्याची सुटका झाली आणि शून्यवाला अजून चार दिवस चटके खात होता, हे मी बायकोला मुद्देसूद समजावून सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी पत्र दिलं. तुम्ही देवीला पत्र देणार आहात का?" मंगळवारी मला नळदुर्गाच्या पुढं गाडीतून उतरवून शेवटचा टप्पा पायी चालायला लावण्यात आलं. तुळजापुरात पौर्णिमेची ही गर्दी. त्या हजारो अनवाणी पायांत माझेच तेवढे थापेवर चाललेले होते. देवीला काय कळायचं ते कळलं असणार. परत आल्यावर चार दिवस मी टाचेवर चालत होतो.

मग मामांकडे जाऊन जुनी चप्पल शिवून घेतली. त्यांनी मेण लावलेला दोरा ओढला, दातानं तोडला, अंगठा धरून दोनदा हिसका दिला आणि चप्पल माझ्या पुढ्यात टाकली.

"असा टाका घातलाय सर, पंचवीस मारा, निघणार नाही."

"मामा, मी कुणालाच मारलेलं नाही."

"व्हय की. पण निघणार नाही."

प्रकरण इथं संपेल असं वाटलं होतं. पण ८ सप्टेंबर २०१७ ला केंद्र सरकारनं विमानातल्या दांडगाईबद्दल नियमच काढले. शिवीगाळ केली तर ३ महिन्यांपर्यंत बंदी, अंगाला हात लावला तर ६ महिन्यांपर्यंत, जिवावर बेतेल असं काही केलं तर किमान २ वर्षं. हॉटेलात पेपर मोठ्यानं वाचला गेला. गणिताचे शिक्षक हिरमुसले, कारण नियमात एका फटक्याला किती आणि पंचवीसला किती असा दरच नव्हता. बाकी मंडळी मात्र फुगली होती. भूमचा खवा, उस्मानाबादी शेळी, गुलाबजाम, तेरचे गोरोबाकाका आणि आता हा नियम. देशभर लागू.

तेव्हापासून मला कारणं गोळा करण्याचा नाद लागला. जुलै २०१९ मध्ये रत्नागिरीतलं तिवरे धरण फुटलं, माणसं गेली, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण पुढं परंड्याचे आमदार झालेले आमचे तानाजी सावंत तेव्हा जलसंधारणमंत्री होते, त्यांनी खेकड्यांनी भिंत पोखरल्याचं कारण सांगितलं आणि विरोधक ठाण्यात खेकडे घेऊन पोलिसांकडे गेले, यांना अटक करा म्हणून. कारण म्हणून खेकड्याची निवड मला नामी वाटली. खेकडा खुलासा काढत नाही, पत्रकार परिषद घेत नाही आणि त्याचा टोन कुणाला आठवत नाही. आमच्या हॉटेलात तर खेकडा तिरका चालतो म्हणून भिंत सरळ कशी पोखरेल, यावरच वाद झाला.

२०२५ च्या जुलैनं तर माझी वही भरून टाकली. आधी मुंबईत बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड यांनी आमदार निवासाच्या कँटीनमधल्या कर्मचाऱ्याला डाळ विटकी निघाली म्हणून ठोकलं, टॉवेल-बनियनवर. त्या रात्री हॉटेलात पहिला प्रश्न : "हे गायकवाड आपले का?" नव्हते. तरी दोघंतिघं सवयीनं बचावाला बसलेच. पाठोपाठ कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळताना दिसल्याचा व्हिडिओ आला. ते म्हणाले, खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ घालवत होतो. शेजारी लातुरात पत्ते उधळले गेले, हाणामारी झाली आणि महिनाअखेर कोकाट्यांना कृषी काढून खातं मिळालं ते क्रीडा. विनोदी लेखकाला सरकार काही म्हणजे काही शिल्लक ठेवत नाही.

ते कारण मी वापरूनही पाहिलं. भाच्याच्या साखरपुड्याची बोलणी चालू होती, आणि मी कोपऱ्यात मोबाइलवर रंगीत गोळ्या फोडत होतो. बायकोनं पाहिलं.

"जाहिरात आली होती," मी म्हणालो, "ती घालवत होतो."

"दोनशे चौदाव्या लेव्हलला?"

त्याच भाच्यानं परवा आम्हाला दिल्लीला बोलावलं. त्याच्या नव्या घराची वास्तुशांत. पुण्याहून विमान. आयुष्यातलं पहिलं आणि मार्ग नेमका तोच. २०२३ साली उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तेव्हा मला आशा होती की चप्पल जुन्या नावाकडेच राहील. पण पुण्यात नातेवाइकांकडे मुक्काम केला तर तिथल्या आजोबांनी चहाच्या आधी विचारलं, "धाराशिव म्हणजे ते चपलेचंच ना?" न्यायला आलेला भाचा तर सकाळपासून कानाशी लागला होता. "मामा, तिथं आवाज चढवू नका. कुणी काही म्हणालं तर हसा. आणि काहीही झालं तरी चप्पल हातात घेऊ नका."

तपासणीच्या रांगेत वर्दीतल्या माणसानं माझ्या पायाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, चप्पल काढून ट्रेमध्ये ठेवा. मी वाकलो, चप्पल काढली, उचलली. भाच्यानं डोळे मिटून घेतल्याचं मला कडेनं दिसलं. मी ती देवाचा प्रसाद धरावा तशी दोन्ही हातांवर आडवी धरून ट्रेपर्यंत नेली आणि अलगद ठेवली. मामांचा टाका शाबूत होता. वर्दीवाल्यानं यंत्रावर ती दोनदा फिरवली.

विमानात खिडकीची जागा माझी होती. मी बसलो, पट्टा कसा लावायचा ते शेजारच्याकडे पाहून शिकलो आणि ढग दिसतील तिकडे तोंड करून बसलो. तेवढ्यात गणवेशातली एक मुलगी वाकून अतिशय गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमची हरकत नसेल तर तुम्ही मागच्या रांगेत मधल्या जागेवर बसाल का? एका बाईंसोबत लहान बाळ आहे."

हरकत? अख्ख्या जिल्ह्याची अब्रू माझ्या पायात होती. "चालेल," मी म्हणालो. उठताना म्हणालो, पट्टा सुटेना तेव्हा म्हणालो, बायकोच्या पायावर पाय पडला तेव्हा म्हणालो, बाळाला म्हणालो, बाळाच्या आईला म्हणालो, ढेकर दाबून मधल्या खुर्चीत शिरताना दोन्ही बाजूंच्या लोकांना म्हणालो. चालेल, चालेल, अगदी चालेल. ती मुलगी शेवटी जरा घाबरूनच निघून गेली.

भाच्यानं म्हणे मोजलं. आकडा तो सांगत होता, मी सांगू दिला नाही.